भूप वाजवणारा जिना बसवताना

पाट्या लावून झाल्या, दंड करून झाला, २०१८ साली तर थुंकणाऱ्यांकडूनच पिचकाऱ्या पुसून घेऊन झाल्या. तरी शहर ऐकत नाही म्हटल्यावर तुम्ही आता गमतीतून लोकांना शिस्त लावायचा मार्ग धरताय, हे उत्तमच. पुण्याला गंमत नवी नाही. फक्त इथे ती समोरच्याची करायची असते. तेवढी अडचण सोडली तर कामाला लागायला हरकत नाही.

सादरीकरण स्टॉकहोमपासून सुरू करा, सगळे तिथूनच करतात. २००९ साली ओडेनप्लान स्थानकातल्या जिन्याला फोक्सवॅगनच्या जाहिरात मोहिमेत पियानोच्या पट्ट्या बसवल्या आणि सरकता जिना सोडून पायऱ्या चढणारे ६६ टक्क्यांनी वाढले. वाढले ते टिकले किती दिवस, असं कुणी विचारलंच तर चहा मागवा. सहा वर्षांनी याच कंपनीच्या डिझेल गाड्या प्रदूषणाच्या चाचणीत लबाडी करताना सापडल्या. त्याची स्लाइड नको.

आपल्याकडे मात्र पियानो नको, भूप राग घ्या. हा अस्मितेचा प्रश्न नाही, सोय आहे. सा रे ग प ध एवढेच स्वर असल्यामुळे दहा माणसं एकदम चढली तरी कानाला फारसं खुपत नाही. वीस पायऱ्यांत चार सप्तकं बसतात. प्रत्येक पायरीला घोट्याच्या उंचीवर एका टोकाला इन्फ्रारेड किरण, दुसऱ्या टोकाला रिसीव्हर. भिंतीआड एक मायक्रोकंट्रोलर (म्हणजे चिपवरचा छोटा संगणक), अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. किरण तुटतो त्या क्षणी स्वर वाजला पाहिजे, तुटलेला असेपर्यंत नव्हे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोनदा बजावा. नाही बजावलंत, तर पहिल्याच सकाळी मंडईतून आलेल्या एखाद्या मावशी गुडघे दुखतात म्हणून चौथ्या पायरीवर टेकतील, मेथी डोकावणारी पिशवी तिसरीवर ठेवतील आणि अर्धा तास गंधार-पंचम (ग आणि प) लागून राहतील. मावशींना उठवायची हिंमत कोणात असेल, तर त्याला तुमच्या समितीत घ्या.

घोट्याच्या उंचीवर सगळ्यात जास्त काय असतं? धूळ. ती काचेवर बसली की किरण पलीकडे पोचत नाही आणि पायरी मुकी होते. आठवड्यातून एकदा ओलं फडकं फिरवलं की काम झालं. पण हे फडकं निविदेत घालू नका. फडकं आलं की फडकं मारणारा माणूस आला, त्याचा पगार आला, आणि स्वस्तातला प्रकल्प एकदम महाग दिसायला लागतो. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादाही ५५ डेसिबलच. तेवढ्या आवाजातही सवाई गंधर्व महोत्सवाला निघालेला एखादा श्रोता मध्येच थांबून ‘धैवत जरा चढा लागतोय’ म्हणेल. त्याच्यामागे जिना तुंबेल तो वेगळाच.

आता थुंकणाऱ्यांसाठी मत घेणारी पेटी. २०१५ साली लंडनच्या व्हिलियर्स स्ट्रीटवर सिगारेटच्या थोटकांसाठी अशी पेटी लावली होती: समोर काच, मध्ये पडदा, दोन भोकं. सर्वोत्तम फुटबॉलपटू रोनाल्डो की मेस्सी, हे थोटूक टाकून सांगायचं. पुण्यात प्रश्नांना तोटा नाही. मिसळीवर शेव की फरसाण? दुकानं दुपारी १ ते ४ बंद असावीत की नसावीत? घोडं अडतं ते मतावर. थोटूक मोजता येतं, पिचकारी मोजता येत नाही. कात-चुन्याच्या लालीने दुपारपर्यंत काचेचे दोन्ही कप्पे एकाच रंगाचे होतात. मग मतमोजणी ग्रॅमवर करा. तळाला दोन इंच लाकडाचा भुसा घाला, तो रोज बदला. (कोण बदलणार? वरच्या फडक्याचाच माणूस.)

जागा पदपथावर देऊ नका. कुठल्याही मोठ्या चौकात सिग्नलचा आकडा ५ वर आला की बघा: चारचाकीचं उजवं दार चार बोटं उघडतं, एक डोकं खाली वाकतं, डांबरावर लाल रेघ उमटते, दार लागतं, हिरवा दिवा. म्हणजे पेटी हवी दुभाजकाला, रस्त्यापासून फूटभर उंचीवर, आणि प्रश्न तीन शब्दांत संपणारा. शेव की फरसाण चालेल. दुकानांचा प्रश्न लांब पडतो.

वेगाची लॉटरीही स्टॉकहोमचीच. मर्यादेत गाडी चालवणाऱ्यांचे क्रमांक सोडतीत, बक्षीस वेगाने जाणाऱ्यांच्या दंडातून. तिथे सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरवरून २५ वर आला. आपल्याकडे दंड भरणारे लोकअदालतीत सूट मिळण्याची वाट बघत बसलेले असतात, त्यामुळे विजेत्याला तूर्त दुसऱ्याचं थकलेलं चलान द्यावं लागेल. भर संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर ही योजना राबवू नका, तिथे सगळेच जिंकतील.

उद्घाटनाला पाहुण्यांच्या गाड्या पदपथावरच लागतील. तिथले खांब अडवतील या भ्रमात राहू नका. चाकाची खुर्ची जाण्यासाठी ९० सेंटिमीटर फट सोडली की ७० सेंटिमीटरची स्कूटर त्यातून हात न लावता जाते.

आणि एक पाटी आधीच रंगवून ठेवा, नंतर घाई होते. मजकूर एवढाच: ‘पायऱ्या वाजत नाहीत. उड्या मारून पाहू नये. कधी वाजतील हे विचारू नये.’