मनगटातील फाटलेल्या कूर्चेविषयी खुलासा

सोलापुरात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या असा मजकूर फिरत आहे की, मनगटाची कूर्चा (हाडांमधील लवचीक गादी) फाटली तर ती टाके घालूनच जोडावी लागते आणि ऑपरेशननंतर आठवडाभरात कामावर जाता येते. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

ही त्रिकोणी कूर्चा करंगळीच्या बाजूला, अल्ना (हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी करंगळीकडचे) हाडाचे टोक आणि मनगटाची लहान हाडे यांच्यामध्ये असते. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असल्याने तेथील फाट दुर्बिणीच्या साहाय्याने शिवली तर भरून येऊ शकते. मधल्या भागात रक्तवाहिन्या नसल्याने तेथे टाक्यांचा उपयोग होत नाही आणि गरज पडल्यास फक्त लोंबणारा तुकडा काढून कडा सारखी केली जाते. हाताचे शल्यचिकित्सक पामर यांनी १९८९ मध्ये केलेल्या या कूर्चेच्या दुखापतींच्या वर्गीकरणातही इजेने झालेली फाट आणि झिजेने पडलेले छिद्र वेगवेगळे धरले आहे. वयानुसार होणारी अशी झीज काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्ये दिसते, त्यामुळे केवळ अहवाल पाहून ऑपरेशन ठरवू नये. सांधा ढिला झालेला नसेल, तर बहुधा आधी स्प्लिंट (मनगट स्थिर ठेवणारा आधारपट्टा), विश्रांती आणि व्यायाम यांनीच उपचार होतात.

आठवडाभराचे आश्वासन तर घातकच आहे. कूर्चा शिवल्यावर साधारण ४ ते ६ आठवडे मनगट स्थिर ठेवून हात उलटसुलट फिरवणे टाळावे लागते आणि जोराच्या कामाला सहसा काही महिने लागतात. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्यांना हे फार जड जाते, म्हणूनच हा काळ डॉक्टरांकडून ऑपरेशनपूर्वीच स्पष्ट विचारून घ्यावा.