सिलिकॉन निळं पडल्याच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला, चारही फोटो मोठे करून बघितले. रविवारी तुम्ही तीन वेळा फोन केलात आणि दुकानातून कुणीच उचलला नाही. ही चूक आमचीच. मनापासून माफी मागतो.

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत नेलेल्या माशांच्या तीन फुटी टँकचं, काचा जोडणारं पारदर्शक सिलिकॉन जूनमध्येच निळं पडलं, मागच्या कोपऱ्यात काळं झालं. म्हणजे आम्ही ‘बाथरूमचं स्वस्तातलं सिलिकॉन’ मारलं, टँक आता गळणार, आणि वर द्यायलाही आठ दिवस लावले. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण टँक बांधणाऱ्याला बाथरूमचं सिलिकॉन मारलं म्हणणं म्हणजे दूधवाल्याला पाणी घातलं म्हणण्यासारखं आहे. आमचं पोट यावर आहे आणि रिव्ह्यू वाचून लोक ऑर्डर देतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं असतं. ते पाण्यात उतरतं आणि माशांना बाधतं, म्हणूनच ते टँकला चालत नाही. तुमच्या टँकला बुरशीनाशक नसलेलं, काचेसाठीचं अ‍ॅसिटिक सिलिकॉन आहे. टँक घ्यायला आलात तेव्हा झाकण काढून वास घ्यायला सांगितला होता. सुकताना त्यातून व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण गेल्याशिवाय आम्ही टँक बाहेर काढत नाही.

आठ दिवस त्यातच गेले. हे सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने बाहेरून आत सुकतं, दिवसाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर, आणि जसजसं आत जाईल तसतसं आणखी हळू. वरची साय 15-20 मिनिटांत धरते, त्यामुळे हाताला सुकल्यासारखं वाटतं. पण 8 मिलिमीटरच्या दोन काचांमध्ये दाबलेल्या थराला हवा फक्त कडेने मिळते. दोन दिवसांत टँक देणारे आहेत, आम्ही देत नाही. पाच दिवस सुकवून, दोन दिवस काठोकाठ पाणी भरून, खाली वर्तमानपत्र घालून ठेवला होता. सिलिकॉन खराब म्हणायचं आणि त्यासाठी दिलेला वेळही वाईट म्हणायचा, याचं वाईट वाटलं.

आता रंगाचं. तुमच्या दुसऱ्या फोटोत हीटर काचेला धरून ठेवणारे छोटे गोल कप दिसतात, तेही निळे झालेत. एअर पंपाची नळीसुद्धा निळी आहे. हे दोन्ही आम्ही बनवलेलं नाही. तिसऱ्या फोटोत निळा रंग वरच्या काठापासून दोन इंच खाली एका सरळ रेषेत थांबतो. पाण्याची पातळी तिथेच होती. त्या रेषेच्या वरचं तेच सिलिकॉन अजून काचेसारखं स्वच्छ आहे. माल खराब असता तर वरचं आणि खालचं सारखंच बिघडलं असतं. माशांना व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) आला म्हणून मिथिलीन ब्लू हे निळं औषध मोठ्या टँकमध्येच टाकल्याचं तुम्ही मे महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. पारदर्शक सिलिकॉन तो रंग पिऊन घेतं, एकदा आत गेला की धुऊन निघत नाही. मॅलाकाइट ग्रीन आणि पोटॅशियम परमँगनेट या औषधांनीही डाग पडतात. शिवाय मिथिलीन ब्लू फिल्टरमधले चांगले जिवाणूही मारतं, म्हणून ते वेगळ्या प्लॅस्टिकच्या टबमध्येच वापरायचं.

मागच्या कोपऱ्यातलं काळं-हिरवं शेवाळ आहे. फोटोत त्याच बाजूला पश्चिमेची खिडकी दिसते. शेवाळ सिलिकॉनच्या सुटलेल्या बारीक कडेखाली शिरतं, मग वरून कितीही घासलं तरी आतलं राहतं. एवढ्या एका जागी कड थोडी पातळ ओढली गेली असावी, ते मी मान्य करतो.

टँक गळेल का, हे घरीच बघता येईल. टॉर्च काचेच्या कडेला टेकवून दोन काचांच्या मधला थर बघा. भार तोच थर धरतो, आतली तिरकी पट्टी त्याला झाकायला असते. मधल्या थरात चंदेरी रेघ किंवा बुडबुड्यांची माळ दिसली, किंवा पट्टीची कड नखाने उचलली गेली, तर लगेच पाणी अर्ध्यावर आणा आणि कळवा. नुसता पांढरटपणा असेल तर घाबरू नका. पारदर्शक सिलिकॉन पाण्यात राहून थोडं दुधाळ होतं, कोरडं झालं की परत निवळतं.

डाग कमी करायचे असतील तर मासे जुन्याच पाण्यात एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून टबमध्ये ठेवा. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात भिजता ठेवा, त्याला ब्लीच लागता कामा नये. टँक आणि खडी रिकामी करा. बिनवासाचं साधं ब्लीच एक भाग, पाणी वीस भाग. टिश्यू त्यात भिजवून पट्टीवर 20 मिनिटं चिकटवा. तीनदा धुवा, मग पाणी भरून अँटीक्लोरिन (क्लोरिन घालवणारं औषध) दुप्पट टाका, तेही काढून एक दिवस कोरडा ठेवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. शेवाळ बरंचसं जाईल. निळा फिका होईल, पूर्ण जाणार नाही, हे आधीच सांगतो. कोपऱ्यात ब्लेड मात्र चालवू नका, पट्टी कापली जाते.

फक्त डागाच्या जागी नवं सिलिकॉन लावून द्या, असं तुम्ही म्हणता. ते आम्ही करणार नाही, कारण सुकलेल्या जुन्या सिलिकॉनला नवं धरत नाही, महिनाभरात सुटतं. करायचं तर आतली सगळी पट्टी, म्हणजे तळाचे 9 फूट आणि चार उभे कोपरे मिळून 15 फूट, ब्लेडने खरवडून, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून एकाच दमात भरावी लागते. सिलिकॉनच्या एका नळीत काम होतं, पण टँक दुकानात आठ दिवस राहील. मजुरीचं आपण बघून घेऊ, त्यावरून अडणार नाही.

ऑर्डर घेताना काळं सिलिकॉन घ्या, डाग दिसत नाहीत, असं सुचवलं होतं. तुम्हाला पारदर्शक हवं होतं, दिसायला ते छान दिसतंच. पण औषधाने ते रंगतं हे आम्ही तेव्हा स्पष्ट बोलायला हवं होतं. यापुढे पावतीबरोबर तशी सूचना द्यायचा विचार आहे, रविवारच्या फोनचंही काहीतरी करतोय.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. टॉर्च लावून मधला थर बघितल्यावर तुम्हालाही तो स्वच्छ दिसला, तर ‘बाथरूमचं सिलिकॉन’ एवढे शब्द काढलेत तर बरं वाटेल. गुरुवारी दुकान बंद असतं. बाकी कुठल्याही दिवशी संध्याकाळी 5 नंतर आमचा माणूस टॉर्च घेऊन घरी येऊन बघून जाईल, त्याचे पैसे नाहीत.