स्कूबी-डूची टोळी कुठल्याच कॉलेजातून आलेली नाही

‘स्कूबी-डू’ या कार्टून मालिकेतली पाच पात्रं, म्हणजे रहस्यं उकलणारी चार पोरं आणि स्कूबी नावाचा कुत्रा, ही मुळात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली पाच कॉलेजं, असा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. फ्रेड म्हणजे ॲमहर्स्ट, डॅफ्नी माउंट होल्योक, वेल्मा स्मिथ, शॅगी हॅम्पशर आणि खुद्द स्कूबी म्हणजे तिथलं सरकारी विद्यापीठ. ऐकायला झकास, पण खोटं. आणि मला ते मनापासून खटकतं, कारण ज्यांनी ही पात्रं घडवली त्यांची नावंच यात पुसली जातात.

आधी शॅगी घेऊ, कारण दावा तिथेच कोसळतो. हॅम्पशरची पोरं ढगळ कपड्यांतली, बेफिकीर, हिप्पी वळणाची, म्हणून शॅगी तिथला, असं सांगतात. मालिकेचा पहिला भाग सीबीएस या अमेरिकी टीव्ही वाहिनीवर लागला १३ सप्टेंबर १९६९ रोजी. पौर्णिमेची रात्र, शॅगी आणि स्कूबी सिनेमा बघून पायी घरी निघालेत. वाटेत एक बेवारस ट्रक, आणि चालकाच्या जागी बसलंय काळं चिलखत! हनुवटीवरची खुरटी दाढी, हिरवा टी-शर्ट, भित्रेपणा. शॅगी या पहिल्याच भागात पुरता शॅगी आहे. हॅम्पशरमध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली १९७० साली. कुणी म्हणेल, कॉलेजची स्थापना तर १९६५ ची. कबूल, पण ती कागदावरची. पोरंच नव्हती, तर त्यांच्या राहणीचा बोलबाला कुठून होणार?

मग ही मंडळी आली कुठून? जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकांसमोर नमुना होता ‘द मेनी लव्ह्ज ऑफ डोबी गिलिस’ या १९५९ ते १९६३ दरम्यानच्या विनोदी मालिकेचा. तिच्यातला मेनार्ड क्रेब्स बघा: तीच दाढी, बोलताना तसंच ‘लाइक’ पेरणं, कामाचं नाव काढलं की दचकणं. डोबीवरून फ्रेड, देखण्या थालियावरून डॅफ्नी, तल्लख झेल्डावरून वेल्मा. माउंट होल्योक आणि स्मिथचा प्रश्न इथेच मिटतो.

स्कूबीला सरकारी विद्यापीठ ठरवणं तर सरळ अन्याय आहे. तो चित्रकार इवाओ ताकामोतो यांच्या हातचा. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून त्यांना कुटुंबासह अमेरिकेतल्याच मान्झानारच्या छावणीत डांबलं होतं. चित्रकलेचे धडे त्यांनी तिथल्याच इतर बंदिवानांकडून घेतले. स्कूबीसाठी त्यांनी स्टुडिओतल्या ग्रेट डेन जातीचे कुत्रे पाळणाऱ्या एका सहकारी बाईंना उत्तम कुत्र्याची लक्षणं विचारली आणि बरोबर उलटं काढलं: पाय फेंगडे, पाठ उतरती, हनुवटी दुहेरी. इतका विचार करून काढलेल्या कुत्र्याचं श्रेय एखाद्या विद्यापीठाला कसं द्यायचं?

राहिला पाचाचा आकडा. सुरुवातीच्या आराखड्यात बँड वाजवणारी पाच पोरं होती आणि कुत्रा वेगळा, म्हणजे एकूण सहा. पुढे जेफ आणि माइक या दोघांचा मिळून एकच मुलगा केला, तेव्हा कुठे पाच झाले. सीबीएसचे अधिकारी फ्रेड सिल्व्हरमन यांनी त्या मुलाला स्वतःचंच नाव दिलं. ॲमहर्स्टचा म्हणून मिरवला जाणारा फ्रेड तो हाच.