काकांचं ‘लक्ष नसतं’ म्हणणाऱ्यांसाठी

‘मेंदूत काहीच साठत नसतं. ना नकाशे, ना चित्रं, ना आठवणी. विसरणं म्हणजे लक्ष न देणं.’ हा मजकूर आठवडाभर फिरतोय. काल चुलतभावाने तो काकांनाच मोठ्याने वाचून दाखवला. काका गेल्या महिन्यात दोनदा घराची वाट चुकलेत. आता गप्प बसवत नाही.

‘शंभराची नोट न बघता काढा. जमत नाही, म्हणजे डोक्यात चित्र नाही.’ हे उदाहरण २०१६ सालच्या एका इंग्रजी निबंधातलं, तिथे डॉलरची नोट होती. अहो, नोटेवर गांधीजी आहेत हे तर सांगता ना? अर्धवट साठलं म्हणजे काहीच साठलं नाही असं होत नाही.

‘क्षेत्ररक्षक झेल घेताना गणित मांडत नाही.’ हे मान्य करावं लागेल. उंच चेंडूवर नजर ठेवून त्या बेताने धावत राहिलं की झेल मिळतो, चेंडू कुठे पडेल हे आधी काढावं लागत नाही. पण तिथे चेंडू डोळ्यांसमोर असतो. जे समोर नाही त्याचं काय?

ट्युनिशियाच्या वाळवंटातल्या मुंग्यांवरचा २००६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. घरापासून दहा मीटरवर अन्न ठेवलं. मुंग्या तिथे पोचल्यावर काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे छाटून आखूड केले. परतीला लांब पायवाल्या पंधरा मीटरच्या आसपास जाऊन घर शोधू लागल्या, आखूड पायवाल्या सहाच्या आसपास. पावलं तेवढीच, टांग बदललेली! पावलांचा तो हिशेब मुंगीच्या आत नव्हता, तर कुठे होता? वाळूत?

आणि ‘विसरणं म्हणजे लक्ष न देणं’ हे तर निव्वळ घातक आहे. जागेचं जाळीसारखं भान ठेवणाऱ्या पेशी मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या मेंदू-संशोधकांना २००५ साली उंदरांच्या मेंदूच्या एका भागात सापडल्या, २०१४ साली नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूतल्या त्याच भागावर अल्झायमर फार लवकर घाला घालतो. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं हे त्याचं सुरुवातीचं लक्षण असू शकतं. काकांना तेच आहे की दुसरं काही, हे मेंदूविकारतज्ज्ञ सांगतील. पण या मजकुरापायी ती तपासणीच पुढे ढकलली गेलीय.

दादा, आजच वेळ घे. काकांच्या खिशात पत्ता आणि तुझा नंबर लिहून ठेव. आणि जेवताना ‘आज वार कोणता, सांगा बघू’ म्हणून त्यांची परीक्षा घेणं बंद कर.