आमच्या घरातले पेन्सिल सेल

ज्या घरात रिचार्जेबल पेन्सिल सेल आहेत, त्या घरात भांडणाला वेगळं कारण लागत नाही. आमचं घर सांगलीत, विश्रामबागला. सेल चार आणि त्यांच्यावर हक्क सांगणारे टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचं घड्याळ, अण्णांचं बीपीचं मशीन आणि नातवाची रिमोटवरची गाडी.

सेल उतरला की सेकंदकाटा एकाच जागी थरथरत राहतो, जावं की नको अशा विचारात. रिमोट तळहातावर आपटायचा मान वडीलधाऱ्यांचा. साधे सेल असते तर उन्हात तरी टाकले असते! हे आणले तेव्हा 'वर्षानुवर्षं बघायला नको' असं दुकानदार म्हणाला होता. आता रात्रभर चार्जरवर ठेवले तरी नातवाची गाडी सोफ्यापाशी जाऊन मान टाकते.

इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या सुट्टीत आला, त्यानं ऐन जेवणात तास घेतला. "काका, ह्यात हायड्रोजन असतो." अण्णांनी सेल ताटापासून लांब सरकवला.

प्रकार असा, की चार्ज करताना आतल्या पाण्यातला हायड्रोजन ऋण टोकाच्या मिश्रधातूत घुसतो आणि सेल वापरताना परत बाहेर काढला जातो. असा मिश्रधातू नुसत्या लँथॅनम (एक दुर्मिळ मृदा धातू) आणि निकेलचा असेल आणि पूर्ण भरला तर आकारमानानं जवळपास २५ टक्के फुगतो. लग्नघरच म्हणा ना. पाहुणे येताना घर फुगतं तसं निघतानाही हाल होतात, कारण सगळे एकदम उठत नाहीत. ओसरीवरचे आधी जातात, माजघरातले पान जमवत बसलेले. म्हणजे धातूचा बाहेरचा थर रिकामा होऊन आकसायला बघतो, आतला फुगीर गाभा त्याला आकसू देत नाही. थर ताणला जातो आणि तडकतो. हायड्रोजन जितक्या घाईनं ओढावा तितका ताण जास्त.

सगळ्यांनी नातवाच्या गाडीकडे पाहिलं. नातवानं घड्याळाकडे बोट दाखवलं.

भेगा पडत पडत कणांचा भुगा होतो, उघड्या पडलेल्या नव्या पृष्ठभागावर आतलं अल्कलीचं द्रावण गंज चढवतं आणि सेलची ताकद घटते. फूग आवरायला मिश्रधातूत कोबाल्ट मिसळतात म्हणे, पण फुगणं-आकसणं काही पूर्ण थांबत नाही.

हे दुखणं जुनं आहे. थॉमस ग्रॅहॅम या रसायनशास्त्रज्ञानं १८६६ साली दाखवलं, की पॅलेडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेतो. पुढं त्यालाच दिसलं, की हायड्रोजन भरला की पॅलेडियमची तार लांबते आणि काढून घेतला की मूळ लांबीपेक्षाही आखूड होते. (मुलीच्या लग्नानंतर माझंही तसंच झालं होतं.)

"मग करायचं काय?" सौ.नं विचारलं.

"गाडीला वेगळे सेल घ्या. हे घड्याळाला आणि रिमोटला ठेवा, त्यांना करंट कमी लागतो."

"आणि माझं बीपी?" अण्णा.

त्याचं उत्तर शास्त्राकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तर मालक हा सगळा हायड्रोजन ऐकून घेत म्हणाले, "ते समदं खरं असंल ओ सर. साधे देऊ का परत चार्जिंगचेच?"

अण्णांनी मात्र हाताने फुगा दाबायचं, बिनसेलचं बीपीचं यंत्र मागवलंय. स्टेथोस्कोप कानाला कुणी लावायचा, यावर घरात बैठका सुरू आहेत.