इकिगाई म्हणजे भरल्या पोटाचे चोचले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'इकिगाई'वरच्या (जपानी शब्द; जगावंसं वाटायला लावणारं कारण) लेखाखाली तुम्ही चांगलंच झापलंत. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही चाकणला शिफ्टमध्ये काम करता. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि पैसा अशी चार वर्तुळं काढून मधोमध स्वतःला शोधणं हे भरल्या पोटाचे चोचले आहेत, असं तुमचं म्हणणं. शिवाय, जिथे माणसं कामाच्या ओझ्यानं मरतात त्या देशानं आपल्याला जगणं काय शिकवावं? वर तुमच्या कारखान्यातल्या 'कायझेन' (कामात सतत छोट्या छोट्या सुधारणा करण्याची जपानी पद्धत) शीटचंही गाऱ्हाणं मांडलंत.

दुसऱ्या मुद्द्यावर वादच नाही. असे 'करोशी' मृत्यू रोखायला जपानला २०१४ साली वेगळा कायदा करावा लागला.

वर्तुळांचं म्हणाल, तर ते चित्र जपानी नाहीच. आंद्रेस सुसुनागा या स्पॅनिश ज्योतिषानं (हो, ज्योतिषीच!) ती आखली होती. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश ब्लॉगरनं मधल्या जागेवर 'इकिगाई' लिहिलं आणि चित्र जगभर फिरलं. त्या चित्रावर तुम्ही खुशाल चिडा.

पण जपानमध्ये हा विषय ज्यांनी मुळापासून मांडला, त्या मिएको कामिया मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचं पुस्तक १९६६चं, आणि त्यामागचं काम नागाशिमा बेटावरच्या आइसेइएन या सरकारी कुष्ठरुग्णालयातलं. बेट आणि किनारा यांच्यामध्ये जेमतेम तीसेक मीटर पाणी, तरी पूल व्हायला १९८८ उजाडलं. औषधानं रोग बरा होऊ लागला, पण सक्तीनं वेगळं ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत काही हलला नाही. घर तुटलेलं, घरच्यांची अब्रू जाऊ नये म्हणून कित्येकांनी नावही बदललेलं. कामियांना प्रश्न पडला तो इथे: हाल सगळ्यांचे सारखेच, मग एकाला दिवस ढकलवत नाही आणि दुसऱ्याला उद्याची ओढ कशी काय लागते?

तिथल्याच कोइची कोन्दो यांचं उदाहरण घ्या. दृष्टी गेलेली, बोटं बधिर. ब्रेल लिपी बोटांना लागेना, म्हणून ते जिभेनं वाचायला शिकले. कागदावरचे ते उंचवटे चाचपताना जीभ रक्ताळायची. १९५३ मध्ये त्यांनी अंध रुग्णांचा हार्मोनिका वाद्यवृंद उभा केला. आता सांगा, यातलं पैशाचं वर्तुळ कुठलं?

अशा गोष्टी सांगून माणसांना गप्प बसवतात, असंही तुम्ही म्हणाल. म्हणाच. कामियांनी त्या सक्तीविरुद्ध आवाज उठवला नाही, ही टीका जपानमध्येच झालीय आणि मला ती पटते. मनाला उभारी आली म्हणून कायदा आपोआप बदलत नाही. रुग्णांनी सरकारवर दावा लावला, आणि २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयात ते जिंकले. पण वर्षानुवर्षं कोंडून ठेवल्यावरही सरकारशी भांडायची रग ज्यांच्यात उरली, ती माणसं आतून विझलेली नव्हती, एवढं तरी मान्य कराल ना? इकिगाईबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. पोट भरल्यावर सुचणारी ती चैन नव्हे.

राहिली तुमची कायझेन शीट. टोयोटानं कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ मध्ये सुरू केली. दोष दिसला की दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवायची मुभा तिथे साध्या कामगारालाही असते. तुमच्याकडे दर महिन्याला शीट भरायची सक्ती आहे आणि लाइन थांबवली तर मेमो हातात पडतो, असं तुम्हीच लिहिलंय. मग भिंतीवर काहीही रंगवलेलं असो, त्याला कायझेन म्हणायला मी तरी तयार नाही. त्या मेमोचं पुढे काय झालं, ते मात्र कळवा.