येताना एक आठवण आण

कुंपणावरून हाक आली तेव्हा मी कपडे वाळत घालत होतो. शेजारचे आजोबा. वय ऐंशीच्या घरात, गळ्यात लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा मफलर. हा मफलर जानेवारीतल्या चाळीस अंशांतही उतरत नाही.

"रविवारी दुपारी मोकळा आहेस का? आम्ही जुनी मंडळी जमतोय, क्लबच्या आठवणी सांगायला. खायला-प्यायला काही आणू नकोस. फक्त एक आठवण आण."

मेलबर्नच्या पश्चिमेला, फुट्सक्रेत राहून 'कुठला क्लब?' असं विचारणं म्हणजे पंढरपुरात उभं राहून 'कुठला विठोबा?' असं विचारणं. क्लब म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्ज, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा इथला संघ. आजोबा मात्र त्याला फुट्सक्रेच म्हणतात. १९९६ च्या अखेरीस नाव बदललं ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आहे, पण त्यांनी ती स्वीकारलेली नाही. आमच्या आत्याला लक्ष्मी रोडवरची दुकानं अजून तीस वर्षांपूर्वीच्या पाट्यांनीच कळतात, त्यातलाच हा प्रकार.

मी लगेच 'हो' म्हणालो. परदेशातला मराठी माणूस कुंपणावरून आलेल्या कुठल्याही आमंत्रणाला आधी हो म्हणतो आणि मग घरात येऊन बायकोवर चिडतो.

"नारळ आण म्हणाले असते तर आणला असता. आठवण कुठून आणू?"

"मग सांगायचं, नाही म्हणून," ती म्हणाली आणि पुन्हा फोनमध्ये शिरली.

अडचण अशी, की हा खेळच मला इतक्या वर्षांत जेमतेम निम्मा कळला आहे. १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांची अंगं सुटतात, काहीतरी करा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले. म्हणजे मुळात क्रिकेटवाल्यांच्या पोटांची काळजी म्हणून निघालेला खेळ. म्हणून मैदान क्रिकेटचं, लंबगोल. चेंडूही लंबगोल, त्यामुळे टप्पा पडल्यावर तो कुठे जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एका बाजूला अठरा गडी. चेंडू फेकायचा नाही, मुठीनं गुद्दा मारून द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोहोंतून लाथाडला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण! चुकल्याबद्दलही पदरात काहीतरी टाकणारी ही उदारता मी बोर्डाच्या ग्रेस मार्कांनंतर इथेच पाहिली.

दोन रात्री जागून मी पाठांतर केलं. १९२५, मोठ्या लीगमध्ये प्रवेश. १९५४, पहिलं विजेतेपद. १९६१, अंतिम सामन्यात हॉथॉर्नकडून हार. १९६१ पाशी मी अडखळलो, कारण त्या साली आमच्याकडे पानशेत फुटलं होतं.

पानशेत म्हटलं की मला माझे आजोबा आठवतात. आमचा वाडा नारायण पेठेत. १२ जुलैला पाणी कुठवर आलं हे आजोबा येईल त्याला सांगत. मी लहान असताना पाणी वाड्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. माझ्या मुंजीपर्यंत ते माजघरात शिरलं. मी कॉलेजात गेलो तेव्हा आजोबा माडीच्या खिडकीतून गटांगळ्या खाणाऱ्या दोघांना बाहेर काढत होते. आजी स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, त्या दिवशी आपण सासवडला होतो!" तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे. पूर चढतच राहिला.

रविवारी बायकोलाही ओढून नेलं. व्हिटन ओव्हल या क्लबच्या मैदानाच्या दारात टेड व्हिटन या क्लबच्या थोर खेळाडूचा पुतळा आहे, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एका जुन्या बिअरच्या हॉटेलाची मागची खोली. पंचवीसएक माणसं. ओळख करून देताना कुणी आडनाव, नोकरी, गाव काही सांगत नव्हतं. साल सांगत होतं. "ही एकोणनव्वद. तो सत्त्याण्णव. मी अर्थातच चोपन्न," आमचे शेजारचे आजोबा म्हणाले.

चोपन्न सर्वांत उच्च वर्ण. त्या अंतिम सामन्यात फुट्सक्रेनं मेलबर्नला १०२ विरुद्ध ५१ असं बरोबर दुपटीनं हरवलं. चार्ली सटन कप्तानही तोच आणि प्रशिक्षकही तोच. जॅक कॉलिन्सचे सात गोल. व्हिटन तेव्हा २१ वर्षांचा. आजोबा त्या वेळी नऊ वर्षांचे होते आणि वडिलांच्या खांद्यावर बसून सामना बघत होते. पलीकडचे दुसरे चोपन्नही वडिलांच्या खांद्यावर होते. तिसरेही. त्या दिवशी मैदानात ८०,८९७ प्रेक्षक होते अशी नोंद आहे. माझ्या मते ती फक्त खालच्या थराची. खांद्यावरची मंडळी वेगळी धरायला हवीत.

मग एकोणनव्वद उठल्या. सत्तरीच्या बाई, हातात जुना पत्र्याचा डबा. तो डबा बघून खोलीतली कुजबुज थांबली. १९८९ च्या ऑक्टोबरात लीगनं जाहीर केलं की फुट्सक्रे कर्जात बुडालं आहे, त्याचं फिट्झरॉय या दुसऱ्या क्लबशी लग्न लावून देऊ आणि नाव ठेवू फिट्झरॉय बुलडॉग्ज. मुलीला विचारलं नव्हतं. पीटर गॉर्डन नावाचा वकील पुढे झाला, आयरीन चॅटफील्ड नावाच्या एका साध्या समर्थक बाईंच्या नावानं कोर्टात दावा लागला आणि तीन आठवड्यांची मुदत मिळाली. तेवढ्यात पैसे उभे करायचे. एकोणनव्वद बाई सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या काचांवर डबा वाजवत फिरल्या.

"शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे टाकले. एका माणसानं कोलिंगवुडचा मफलर घालून पाच डॉलर टाकले. वैऱ्यानं! क्लबच नाही राहिला तर आम्ही हरवायचं कुणाला, म्हणाला."

तीन आठवड्यांत दहा लाख डॉलरांच्या वर रक्कम जमली आणि लग्न मोडलं. बाईंनी डबा हलवला. आत अजून एक नाणं होतं. ते त्यांनी मुद्दाम ठेवलंय की अडकलंय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. माझ्या बायकोनं मात्र पर्समधून रुमाल काढला होता. आमच्याच सोसायटीत रंगकामाची वर्गणी मागायला आलेल्या सेक्रेटरीला हिनं तीन वेळा 'साहेब घरी नाहीत' सांगितलं होतं, आणि साहेब आत भेळ खात होते.

सत्त्याण्णव काही बोललेच नाहीत. नुसते उभे राहिले, दोन्ही हातांचे तळवे एकमेकांपासून वीतभर अंतरावर धरले आणि खाली बसले. खोलीनं सुस्कारा सोडला. उपांत्य सामना, ॲडलेडविरुद्ध, हार फक्त दोन गुणांनी. टोनी लिबरेटोरेनं लाथ मारली, गोल झाला म्हणून तो नाचायलाही लागला, आणि गोलपंचानं एकच गुण दिला. मी कधी नव्हे ते मनापासून मान हलवली. हे मला कळत होतं. हे पानिपत होतं. भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर, होळकर थांबले असते तर, चेंडू वीतभर डावीकडून गेला असता तर. 'तो गोल होता' आणि 'तो गोल नव्हता' असे दोन पक्ष खोलीत तत्काळ पडले. दोघे जण तर एकमेकांचे सख्खे भाऊ होते.

पुढचा अर्धा तास वाऱ्याचा. जुन्या वेस्टर्न ओव्हलवर, म्हणजे आजच्या व्हिटन ओव्हलवर, वारा भयंकर असे. तो कुठून कुठे वाहायचा यावर एकमत झालं नाही. कुणीतरी ख्रिस ग्रँट या खेळाडूची गोष्ट काढली. त्याला पोर्ट ॲडलेड क्लबनं भरभक्कम पैशांची बोली लावली होती, आणि एका चिमुरड्या चाहत्यानं 'जाऊ नको' म्हणून पत्राला वीस सेंटचं नाणं चिकटवून पाठवलं. ग्रँट राहिला. मग कुणीतरी १९९५ मधला व्हिटन सांगितला: कॅन्सरनं पोखरलेला, दृष्टी गेलेली, उघड्या गाडीतून एमसीजीला फेरी मारणारा, आणि लोकांच्या आवाजाच्या दिशेनं हात हलवणारा. त्यानंतर बराच वेळ नुसते ग्लास टेबलावर टेकल्याचे आवाज.

आणि नेमकी अशा वेळी माझी पाळी आली.

"आता हा," आजोबा म्हणाले. "हा सोळाला आला."

पाठ केलेलं सगळं पळालं. फक्त साबुदाणा आठवला.

"माझ्याकडे क्लबची आठवण नाही," मी म्हणालो. "साबुदाण्याची आहे."

आम्हाला येऊन तीन आठवडे झाले होते. १ ऑक्टोबर २०१६, शनिवार, घटस्थापना. बायकोचे नऊ दिवसांचे उपास सुरू आणि घरात साबुदाणा नाही. आदल्या दिवशी, शुक्रवारी, सार्वजनिक सुट्टी होती. कशाची, तर शनिवारी सामना आहे याची! मी इतकी वर्षं सामन्यासाठी ऑफिसला दांडी मारत आलो. इथे सरकारच आदल्या दिवसापासून दांडी मारतं. शनिवारी दुपारी रस्ते असे ओस, की मला वाटलं कुठल्यातरी पक्षानं बंद पुकारलाय. फुट्सक्रेत व्हिएतनामी दुकानांत साबुदाणा मिळतो असं कुणी सांगितलं होतं, म्हणून ट्रेननं आलो. एक छोटं दुकान उघडं होतं. आत आठ-दहा माणसं कोपऱ्यातल्या टीव्हीला चिकटलेली. दुकानाच्या मालकीणबाईंनी माझ्याकडे न बघता अर्ध्या किलोचा पुडा दिला आणि न बघताच मोड दिली.

"आणि मी टीव्हीकडे बघितलं. एका उंच माणसानं फार लांबून चेंडू लाथाडला. समोर कुणीच नव्हतं. चेंडू एकटाच टप्पे खात निघाला. दुकानात कुणी श्वास घेत नव्हतं. मला वाटलं, जाईल कुठेतरी बाजूला. तर तो सरळ आत."

खोलीत पंचवीस ग्लास हवेत थांबले.

"तू," सत्त्याण्णव प्रथमच बोलले, "बॉइडचा गोल... साबुदाणा घेताना बघितलास?"

टॉम बॉइड हे नाव मला त्या दिवशी कळलेलं नव्हतं. हेही कळलेलं नव्हतं, की सातव्या क्रमांकावरून अंतिम फेऱ्यांत शिरून हा संघ पर्थला जाऊन जिंकला, हॉथॉर्नला हरवलं, सिडनीत जाऊन सहा गुणांनी कसाबसा जिंकला, आणि आता सिडनी स्वॉन्सला २२ गुणांनी हरवून ६२ वर्षांनी करंडक उचलत होता. मी फक्त दुकानाबाहेर आलो. मागून किंकाळी उठली. रस्त्यावर माणसं धावत आली, रडत. मला वाटलं कुणीतरी मोठा नेता गेला. एका अनोळखी म्हाताऱ्यानं मला घट्ट मिठी मारली, 'बाबा असायला हवे होते' म्हणाला, आणि आमच्या दोघांच्या मध्ये पुडा फुटला. फुटपाथभर पांढरा साबुदाणा. त्यावरून लोक घसरत होते, उठत होते आणि एकमेकांना मिठ्या मारत होते.

"मी रिकाम्या हातानं घरी गेलो. बायकोनं त्या दिवशी रताळं खाल्लं."

एकोणनव्वद बाईंनी डबा बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला. कुणीतरी माझ्यासाठी बिअर आणली. सोळा हे साल त्या दिवशी माझ्या नावावर चढलं.

यंदा पुन्हा बैठक झाली. आता मी जुना, त्यामुळे उशिरा गेलो तरी चालतं. आत शिरलो तेव्हा आमचे आजोबा एका नवीन जोडप्याला माझी आठवण सांगत होते.

"...आणि भोंगा वाजला, तसा या माणसानं पोतं उघडलं आणि आख्ख्या रस्त्यावर तांदूळ उधळला. त्यांच्यात पद्धत आहे तशी. लग्नात वगैरे. म्हणजे बघ, बासष्ट वर्षांनी आमच्यावर अक्षता पडल्या." मग मला पाहून म्हणाले, "हा बघ, हाच तो. किती रे होता तांदूळ?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. शेजारी बायकोनं तोंड उघडलं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"पाच किलो," मी म्हणालो. "बासमती."